गंगाधरपंतांनी तोडलेली स्प्रिंग

यंत्राची उजवी स्प्रिंग तुटली तो दिवस गंगाधरपंतांच्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस ठरला. अगदी लग्नाचा दिवस धरला तरी. लग्नात त्यांना घोड्यावर बसवायला दोघातिघांनी उचलावे लागले होते. आणि इथे त्यांनी, म्हणजे साताऱ्याच्या कोर्टातल्या नक्कलनविसाने, ज्यांचे मनगट पाहून शिंपी कफाचे माप न घेताच अंदाजाने कापी, त्यांनी एकट्याने पोलाद तोडले होते.

यंत्र होते होडी वल्हवायचे, पण घरात बसून. कॅम्पातला एक इंजिनिअर साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पंत पुस्तकांच्या कपाटासाठी गेले आणि हे घेऊन आले. दोन लांब लाकडी पट्ट्या, त्यांच्या खोबणीतून चाकांवर पुढेमागे सरकणारी एक बैठक, पाय अडकवायला कातडी वाद्या आणि पुढच्या लोखंडी पाटीला जोडलेल्या दोन जाडजूड स्प्रिंगा, त्यांना मुठी. बसायचे, पाय अडकवायचे आणि मुठी छातीशी ओढायच्या. साहेबाच्या बटलरने शपथेवर सांगितले होते की याने छाती रुंद होते. पंतांनी ते सोप्यात, धान्याच्या डब्यांपुढे मांडले होते आणि रोज सकाळी कोर्टाच्या आधी ते थोडे वल्हवत. छाती अजून रुंद झाली नव्हती, पण ती होण्याच्या बेतात आहे असे त्यांना आतून वाटत असे.

त्या सकाळी त्यांनी मुठी ओढल्या मात्र, खण्णदिशी आवाज झाला, बैठक सुसाट मागे गेली, पट्ट्या संपल्या, पंत संपले नाहीत, आणि त्यांचे डोके पोह्यांच्या डब्यावर जाऊन आपटले. शकुंतलाबाई हातातले लाटणे घेऊनच धावत आल्या. पंत जमिनीवर उताणे पडले होते. हातात मूठ होती, मुठीला तुटक्या स्प्रिंगेचे शेपूट होते आणि चेहऱ्यावर हसू.

"लागलं का हो?" त्यांनी विचारले.

"पोलाद होतं ते," पंत म्हणाले.

शकुंतलाबाई त्या शेपटाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बायकोचे हे मौन पंतांनी कौतुकात जमा केले. पंधरा वर्षांच्या संसारात आपण तिला असे निःशब्द कधी केले नव्हते, हेही त्यांच्या मनात आले.

मग ती स्प्रिंग पंच्याच्या टोकात गुंडाळून ते दूध आणायला निघाले. दूधवाला घरी येत असे, पण त्याला इलाज नव्हता. मंगळवार पेठेतली ती आळी म्हणजे अशी, की एका टोकाला शिंकले तर दुसऱ्या टोकाला काढ्याची कृती तयार. पंत परत येईपर्यंत आळीभर झाले होते.

समोरच हंबीरराव राहत. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला गडी, गावाकडे ऊस, आणि आता सगळा जीव मारुतीच्या तालमीवर. आजवर त्यांनी पंतांना फक्त अर्ज लिहून घेण्यासाठी हाक मारली होती. त्या दिवशी ते स्वतः उंबऱ्याशी आले, स्प्रिंग हातात घेतली, वाकवून पाहिली, वाकली नाही.

"आवं पंत," ते हळूच म्हणाले, "लोखंड तोडलंसा की."

"रोजचा सराव," पंत म्हणाले.

"आमी तुमाला कारकून समजत हुतो."

पंतांना हे इतके लागले आणि इतके आवडले, की कोणते जास्त ते त्यांना ठरवता येईना. पण हंबीररावांचे पुढचे वाक्य ऐकून ते ठरवण्याची गरजच उरली नाही. हनुमान जयंतीला तालमीचा समारंभ होता. अध्यक्ष म्हणून एक वकील ठरले होते, त्यांना आता रजा. अध्यक्ष पंत. "आनि नारळ फुटला की तुमी सगळ्यांम्होरं यक स्प्रिंग तोडून दावायची. पोरांनी बगितलं पायजे, शक्ती कशी दिसाय बारीक आसती."

पंत हो म्हणाले. नाही म्हणण्याची संधी मध्ये एकदा येऊन गेली होती, पण ती फार थोडा वेळ थांबली.

आता यंत्र दुरुस्त होणे आले. सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, तुटलेल्या लोखंडाला घरात ठेवू नये, शनिवारी तेल वाहून टाकावे. सायकलच्या दुकानाचे भाऊसो म्हणाले, स्प्रिंगेला काय ठेवलंय, तिच्या जागी सायकलची ट्यूब बांधू. ते लढाईचे दिवस. रबर डोळ्यांना दिसत नसे. भाऊसोंनी मनाचा मोठेपणा दाखवून जुन्या ट्यूबा एकावर एक गुंडाळून बांधल्या, वर सुतळी आवळली आणि म्हणाले, "वढा आता, लय ताकद आलीया तिला."

पंतांनी ओढले. ट्यूब आली, आली, हातभर आली आणि मग तिचा विचार बदलला. मूठ पंतांच्या हातातून सुटून पुढे गेली, पाटीवर आदळून उसळली आणि स्वयंपाकघराच्या दारातून जाऊन मुरांब्याच्या बरणीवर बसली. पंत तेवढ्यात मागे गेले होतेच. पायाची एक वादी तुटली, बैठकीचे एक चाक निखळून घरंगळत थेट मोरीत गेले. शकुंतलाबाईंनी मुरांबा पुसून घेतला आणि म्हणाल्या, "आता राहू द्या ना ते." पंत म्हणाले, "तुला यातलं कळायचं नाही." हे वाक्य त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिले.

स्प्रिंगेची तार बाजारात होती, पण लोखंड-पोलाद कंट्रोलमध्ये. तार हवी तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर पुरवठ्याच्या कचेरीत उभे राहणे हवे. पंत स्वतः सरकारी माणूस, कचेऱ्यांची भाषा त्यांना तोंडपाठ. पण आपण पलीकडे बसलेलो नसलो की तीच भाषा कशी परकी होते हे त्यांना तिथे कळले.

"कशासाठी तार?" टेबलामागचा कारकून.

"व्यायामाच्या यंत्रासाठी."

"व्यायाम आमच्याकडे नाही. शेतीची अवजारं, वाहनं, दवाखाना, यांतलं सांगा."

पंतांनी विचार केला. शेती नव्हे, दवाखाना नव्हे. "वाहन म्हणा. होडीच आहे ती एका अर्थी."

कारकुनाने होडी लिहून घेतली. "कोणत्या नदीत चालते?"

"नदीत नाही चालत. घरात."

"घरात चालते?"

"चालत नाही. एका जागी असते."

कारकुनाने टाक खाली ठेवला. "राव, जी होडी पाण्यात जात नाही आणि जागची हलत नाही, ती सरकारच्या दृष्टीने लाकूड आहे. लाकडाला तार कशाला?" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, माहुलीला संगमावर नेऊन बघा. सगळी कचेरी हसली. पंतही हसले, कारण न हसणे त्याहून वाईट दिसले असते. घरी येताना मात्र त्यांनी शनिवार पेठेकडून लांबचा रस्ता धरला.

उपाय शेवटी शकुंतलाबाईंनी सुचवला. त्यांचे माहेर सांगलीला, विश्रामबागेत. सांगली संस्थानी मुलूख, तिथले कंट्रोल वेगळे, आणि भावाच्या ओळखीच्या एका नांगराच्या कारखान्यात स्प्रिंगा वळून देतात. दोघांनी जावे, यंत्रही न्यावे. पंतांना ही कल्पना फार पसंत पडली. तिच्यात एक गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. हनुमान जयंती आठवड्यावर आली होती. सांगलीत दुरुस्ती लांबली, गाडी चुकली, काहीही झाले, तर समारंभ त्यांच्यावाचून पार पडेल आणि वकील स्प्रिंग न तोडता भाषण करतील.

ते निघाले तेव्हा हंबीरराव मोटारीपर्यंत पोचवायला आले. यंत्र टपावर चढवून त्यांनी स्वतः दोर आवळला. "बिनघोर जावा पंत. तुमी आल्याबिगर समारंभ न्हाई. म्या समद्यांस्नी सांगितलंया, जयंती हुईल, पन समारंभ पंत आल्यावर."

कोळशावर चालणारी ती मोटार धूर ओकत निघाली. पंत सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. शकुंतलाबाईंना वाटले धुराने.

सातारा रोड स्टेशनावर गाडीला अवकाश होता. त्या वर्षी जिल्ह्यात पत्री सरकारचा जोर होता. स्टेशनावर पोलीस बसलेले, आणि गाडीत चढणारे प्रत्येक गाठोडे उघडून पाहिले जाई. पंतांच्या यंत्राभोवती आधी एक शिपाई फिरला, मग दोन, मग फौजदार स्वतः आले. जाडसर, घामाघूम, फार दिवसांची झोप राहिलेला माणूस.

"हे काय आहे?"

"होडी," पंत म्हणाले. कचेरीची सवय अजून गेली नव्हती.

फौजदारांनी यंत्राकडे पाहिले, मग पंतांकडे, मग जिकडे नदी असायला हवी होती त्या कोरड्या माळाकडे. पंतांनी घाईने खुलासा केला. साहेबाचा लिलाव, छाती, स्प्रिंग, सांगली. खुलासा खरा होता, पण खरा खुलासा घाईने केला की तो रचल्यासारखा ऐकू येतो हे कोर्टात इतकी वर्षे जबान्या उतरवून त्यांना ठाऊक असायला हवे होते.

फौजदार खाली बसले आणि पट्टीच्या खोबणीतून बोट फिरवू लागले. बोटाला काहीतरी लागले. त्यांनी ते तळहातावर झटकले. काचेचे बारीक तुकडे होते. आणखी फिरवले, आणखी निघाले.

"बाँबमध्ये काच भरतात," ते शांतपणे म्हणाले. "ही कशाची?"

"मला माहीत नाही," पंत म्हणाले. हे त्या दिवसातले त्यांचे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते आणि सर्वांत वाईटही. शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. भोवती माणसे जमली. पंतांना दिसू लागले की आता कोर्टात आपली जबानी कोणीतरी दुसरा नक्कलनवीस सुवाच्य अक्षरात उतरवणार.

तेवढ्यात ट्रंकेवर बसलेल्या शकुंतलाबाई उठल्या.

"बांगड्यांची आहे," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"हिरवी माझी. ती लाल आहे ती हरणाबाईंची, आमच्या समोरच्या सुभेदारांच्या. ओढताना मनगट मुठीच्या लोखंडाला लागतं आणि फुटतात."

"ओढताना म्हणजे? यंत्र यांचं ना?"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिले. त्या नजरेत क्षमा मागितलेली होती, पण पंतांना ती तेव्हा वाचता आली नाही. मग त्यांनी पदर खोचला, बैठकीवर बसल्या, सुतळीने बांधलेल्या वादीत पाऊल सरकवले आणि राहिलेली डावी मूठ धरली. बैठक सुळकन मागे गेली, पुढे आली, मागे गेली. एक चाक नव्हते तरी खडखड नव्हती. नऊवारीची घडी मोडली नाही, श्वास चढला नाही. प्लॅटफॉर्मवर माणसे पुढे सरकली. गाड्यावरच्या चहावाल्याचा हातही थांबला होता.

"आता तुम्ही," फौजदार पंतांना म्हणाले.

पंत बसले. मूठ धरली. स्प्रिंग अर्ध्यावर आली आणि तिथे तिने आणि पंतांनी एकमेकांकडे पाहिले. पंतांनी डोळे मिटून जोर केला. बैठक करकरली आणि राहिली जागच्या जागी.

फौजदार उठले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हते, उलट थोडी कीवच होती, आणि तीच पंतांना जास्त झोंबली. "चढवा रे गाडीत," ते शिपायाला म्हणाले. "बाईंचं सामान आहे."

संशय फिटला याचा आनंद पंतांना व्हायला हवा होता. पण आपल्याकडे पाहून सरकारला जराही भीती वाटली नाही, हे त्यांच्या जिवाला लागले. गाडी निघाली. रहिमतपूर गेले, मसूर गेले, पंत खिडकीबाहेर पाहत होते. कराड सोडल्यावर त्यांनी विचारले, "कधीपासून?"

"विषमज्वरातून उठले त्यानंतर," शकुंतलाबाई म्हणाल्या. "हात उचलत नव्हते. आडावरून बादली ओढता यायची नाही. अंबूबाई माझं पाणी भरून ठेवायच्या, तुम्ही कोर्टात गेल्यावर."

पंतांना आठवेना, की त्या दिवसांत घरात पाणी कुठून येते हा प्रश्न आपल्या मनात कधी आला होता का. घागर भरलेली असे. घागरी भरलेल्याच असतात असे त्यांना वाटत आले होते.

"एकदा यंत्र पुसता पुसता त्यावर बसले. पहिल्या दिवशी मूठ जागची हलली नाही. रडूच आलं. दुसऱ्या दिवशी परत बसले. मग हलली." त्यांनी बांगड्या मागे सारल्या. "मग अंबूबाईंचा खांदा धरला होता, त्यांना बसवलं. मग हरणाबाई आल्या. त्यांना तर नादच लागला. दुपारचं कोणी काही मागत नाही. तेवढा वेळ बरं वाटायचं."

"आणि स्प्रिंग?"

"ती आधीच झिजली होती हो. मधल्या दोन वेढ्यांत फट पडलेली मी पाहिली होती. सांगणार होते. पण तुम्ही पडलात ते हसतच. मग आळीभर फिरलात. इतके आनंदात मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. कसं सांगायचं?"

राग यावा म्हणून पंतांनी थोडी वाट पाहिली. आला नाही. पोह्यांच्या डब्यावर आपटलेली जागा तेवढी उगाच ठणकली.

सांगलीच्या कारखान्यात मिस्त्रीने तुटका तुकडा पाहिला आणि विचारले, स्प्रिंग किती ताकदीची वळू? रोज वापरणारं कोण? पंत क्षणभर घुटमळले. इथे कोणी ओळखीचे नव्हते. समारंभात चटकन तुटेल अशी एखादी कच्ची स्प्रिंगही इथे हळूच मागून घेता आली असती. साताऱ्याहून निघाल्यापासून तो विचार त्यांच्या मनात दोनतीनदा येऊन गेला होता आणि दर वेळी जरा जास्त सभ्य कपडे घालून आला होता.

"ते यांना विचारा," पंत म्हणाले आणि बाजूला झाले. "रोज ह्या वापरतात."

शकुंतलाबाईंनी जाडी सांगितली, वेढे सांगितले, चाके पितळी मागितली आणि मुठींना कापड गुंडाळायला लावले, म्हणजे बांगड्या फुटणार नाहीत. मिस्त्रीने ते सगळे मन लावून ऐकून घेतले. पंत कारखान्याच्या दारात उभे राहून नांगर पाहत होते. बाजूला होणे त्यांना वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले.

परतीला सगळे सुखरूप झाले, हेच दुर्दैव. गाडी वेळेवर, मोटार वेळेवर, आणि आळीच्या तोंडाशी हंबीरराव हार घेऊन उभे. समारंभ त्याच संध्याकाळी होता. पंतांना हातपाय धुवायला मिळाले तेवढेच. त्या अवधीत त्यांनी मोरीतून बायकोला विचारले, "सांगू का?"

"माझं नाव नका घेऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या. "घरातली माणसं म्हणा."

तालमीपुढे मांडव होता. मारुतीला शेंदूर चढलेला, पोरे अंगाला माती लावून मांडी घालून बसलेली, मागे पडद्याआड बायका. मधोमध यंत्र, नव्या स्प्रिंगांसह. हंबीररावांनी ओळख करून देताना पंतांना इतके उंच चढवले की खाली पाहिले तर घेरी यावी. नारळ फुटला. सगळे यंत्राकडे पाहू लागले.

पंत उठले. उपरणे नीट केले.

"ही स्प्रिंग माझ्याच्यानं तुटायची नाही," ते म्हणाले. "पहिलीही मी तोडली नव्हती. ती घरातल्या माणसांनी रोज दुपारी ओढून झिजवली. आळीतल्या बायकांनी. मी शेवटचा हात लावला आणि पडलो. एवढंच माझं काम." ते खाली बसणार होते, पण अजून थोडे राहिले होते. "शक्ती दिसायला बारीक असते, असं सुभेदार म्हणाले होते. ते खरं आहे. फक्त ती बारीक माणसं मी नव्हे."

मागच्या बाजूने भाऊसोंचे खोकणे ऐकू आले. हंबीरराव कपाळाला आठ्या घालून उभे होते. सुभेदाराने पलटणीत मोठमोठी संकटे पाहिली असतील, पण असे मुद्द्याचे संकट पाहिले नसावे.

"आळीतल्या म्हंजी," त्यांनी हळूच विचारले, "आमची बी?"

"तुमचीही," पंत म्हणाले.

हंबीररावांनी पडद्याकडे पाहिले. पडदा जरासा हलला आणि शांत झाला.

"तरीच," ते म्हणाले. "परवा जुंधळ्याचं पोतं एकलीनं माळ्यावर टाकलं. म्या म्हनलं, ह्या वयात मलाच कमी दिसाय लागलं का काय."

पहिले हसू पडद्याआडून आले, बायकांचे, दाबलेले आणि मग न दाबता येणारे. मग सगळा मांडव हसला. पंतांनी सवयीने स्वतःकडे पाहिले, की हे आपल्यालाच हसतायत का. थोडे हसत होते. पण पुरवठ्याच्या कचेरीतले हसणे आणि हे, यांत फरक होता, आणि त्यांना तो ऐकू आला. हंबीररावांनी हार पंतांच्याच गळ्यात घातला. "खरं बोलाय बी ताकद लागती," ते पुटपुटले. "पन पंत, ही होडी म्हैनाभर तालमीत ठिवली तर?"

"ते मला विचारू नका," पंत म्हणाले. "घरी विचारा." घरून उत्तर आले ते पडद्याआडूनच, हरणाबाईंच्या आवाजात, की न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत नेहमीप्रमाणे यंत्रावर बसले. नेहमीप्रमाणे का बसले ते त्यांनाही सांगता आले नसते. पाय वाद्यांत अडकवले, कापड गुंडाळलेल्या मुठी धरल्या आणि ओढल्या. स्प्रिंगा अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या. पंत थांबले. सोडून द्यावे, की जोर करावा, हे त्यांना ठरेना.

स्वयंपाकघराच्या दारात शकुंतलाबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कपबशी धान्याच्या डब्यावर ठेवली.

"हातानं नका ओढू," त्या म्हणाल्या. "आधी पायांनी रेटा. हात मागून येऊ द्या."

पंतांनी मुठी सोडल्या, पुन्हा धरल्या आणि पाय रेटले. बैठक हलली. पितळी चाकांवरून ती सावकाश मागे जाऊ लागली, आणखी मागे, जिथवर पंत आपल्या जोरावर आजवर कधी गेले नव्हते तिथवर, आणि मुठी येऊन छातीला टेकल्या.

"आता सोडा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "हळू."

पंतांनी हळू सोडले. मग पुन्हा पाय रेटले. चहा निवत होता, कोर्टाची वेळ होत होती, आणि पंतांनी शकुंतलाबाईंना विचारले, "असंच ना?"